मेडिकल प्रवेशाचा सल्ला मोबाइलवर येतो. तो तपासायचा कसा?

नीटचा निकाल लागला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘चेडवाक खंय मेळतला?’ दुसरा प्रश्न असतो, ‘कोणाला विचारायचं?’ पहिल्याचं उत्तर संगणक देतो. दुसऱ्याचं उत्तर आता बहुतेक घरांत एकच आहे: मोबाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘मेडिकल अ‍ॅडमिशन’ ग्रुप, टेलिग्रामवरचे चॅनेल, यूट्यूबवरचे ‘सर’, आणि आता त्यात भर म्हणजे एआय चॅटबॉट.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. खारेपाटण कणकवली तालुक्याच्या उत्तर टोकाला आहे, पलीकडे राजापूर तालुका म्हणजे रत्नागिरी जिल्हा. मुंबई-गोवा महामार्ग गावावरून जातो, पण मेडिकल प्रवेशाचा जाणकार समुपदेशक गाठायचा तर कोल्हापूर किंवा मुंबई. अशा ठिकाणी कुणीतरी अनोळखी सीनियर रात्री अकरा वाजता तुमच्या प्रश्नाला फुकट उत्तर देतो, ही मोठीच सोय आहे. प्रश्न एवढाच की त्या उत्तरातलं खरं किती, जुनं किती आणि विकाऊ किती. चूक झाली तर भुर्दंड ग्रुपच्या अ‍ॅडमिनला पडत नाही. मुलीचं वर्ष जातं, किंवा वडिलांची अनामत रक्कम जाते.

इथल्या मुलांचे अर्ज भरताना मी शेजारी बसतो, आणि २०२५ च्या हंगामात असे बरेच मेसेज वाचले. त्यातल्या वारंवार येणाऱ्या सल्ल्यांमागचं तंत्र आज उलगडून बघू. तंत्र कळलं की सल्ला खरा की खोटा हे बऱ्याचदा आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी नकाशा: दोन वेगळी दारं

एमबीबीएसच्या सरकारी जागांसाठी दोन स्वतंत्र प्रक्रिया चालतात. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते. सगळी एम्स आणि सगळी अभिमत विद्यापीठंसुद्धा एमसीसीकडेच. उरलेल्या ८५ टक्के जागा महाराष्ट्राचा सीईटी कक्ष भरतो, त्यालाच आपण ‘स्टेटची कॅप’ म्हणतो. अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, कागदपत्रांचे नमुने वेगळे, फेऱ्यांच्या तारखा वेगळ्या.

ग्रुपवरचा निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो. ‘पहिल्या फेरीत सीट सोडली तरी चालते’ असा मेसेज येतो. कुठल्या पहिल्या फेरीत, एमसीसीच्या की स्टेटच्या, ते मेसेजमध्ये नसतं. लिहिणाऱ्याच्या मनात एक असतं, वाचणाऱ्याच्या मनात दुसरं.

आपल्या जिल्ह्यापुरतं सांगायचं तर सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, २०२१-२२ पासून १०० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रत्नागिरीचं सरकारी महाविद्यालय २०२३-२४ मध्ये सुरू झालं, तेही १०० जागांचं. पडव्याला खासगी महाविद्यालय आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणला आहे. म्हणजे खारेपाटणच्या घरातून साठेक किलोमीटरवर सरकारी एमबीबीएस उपलब्ध आहे. वीस वर्षांपूर्वी ही गोष्ट स्वप्नात नव्हती.

पण इथेच एक गैरसमज घट्ट बसलाय: ‘आपल्या जिल्ह्यातलं कॉलेज, आपल्या मुलांना प्राधान्य.’ तसं नाही. सिंधुदुर्गच्या १०० पैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यात आणि ८५ राज्याच्या गुणवत्ता यादीवर. त्या ८५ साठी गडचिरोलीच्या मुलाचा हक्क कणकवलीच्या मुलाइतकाच. पूर्वी महाराष्ट्रात ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग, ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभर खुल्या. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द केलं. तरी ‘आपण उर्वरित महाराष्ट्रात येतो’ हे वाक्य मी अजून ऐकतो. रद्द झालेला नियम सल्ल्यात असा वर्षानुवर्षं जिवंत राहतो.

‘मिळणारं कॉलेजच पहिलं टाका’: हा सल्ला का चुकीचा आहे

पसंतीक्रम भरायच्या आठवड्यात सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला हाच. ‘रँक नाही तर केईएम कशाला टाकता? पहिला पर्याय वाया जाईल. जे मिळणार तेच वर टाका.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण जागावाटपाचं सॉफ्टवेअर असं चालत नाही.

ते काय करतं बघा. आधी सगळ्या उमेदवारांना गुणवत्तेच्या क्रमाने रांगेत उभं करतं. पहिल्या क्रमांकाच्या मुलाची पसंतीची यादी उघडतं, वरून खाली येतं, आणि त्याच्या पात्रतेत जी पहिली रिकामी जागा सापडेल ती त्याला देतं. मग दुसऱ्या मुलाची यादी, मग तिसऱ्याची. आरक्षित प्रवर्गांच्या जागा, दिव्यांग, संरक्षण दल असे कोटे यामुळे आतला हिशोब गुंतागुंतीचा होतो, पण गाभा हाच.

समजा रांगेत तीन मुली आहेत. पहिलीने यादीत लिहिलं: केईएम, कोल्हापूर, सिंधुदुर्ग. दुसरीनेही तेच लिहिलं. तिसरीने ग्रुपचा सल्ला ऐकून फक्त सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी लिहिलं. आता दुसरीची पाळी आली तेव्हा केईएम भरलंय. सॉफ्टवेअर खाली सरकतं, कोल्हापूर बघतं. तेही भरलेलं असेल तर सिंधुदुर्ग बघतं, तिथे जागा आहे, तिला मिळते. केईएम वर लिहिल्याने तिचं काय गेलं? काहीच नाही. रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या तिसरीने सिंधुदुर्ग ‘पहिला पर्याय’ म्हणून लिहिलं होतं, म्हणून तिला दुसरीच्या आधी जागा मिळणार नाही. सॉफ्टवेअर पसंतीचा क्रमांक दुसऱ्याच्या पसंतीशी तुलून बघतच नाही. बघतं फक्त रांगेतली जागा.

उलट नुकसान तिसरीचं होऊ शकतं. कोल्हापूरला त्या वर्षी अनपेक्षितपणे एखादी जागा उरली, तर तिच्या यादीत कोल्हापूर नाहीच. मागून हळहळून उपयोग नाही.

मग हा सल्ला आला कुठून? माझ्या मते दुसऱ्या प्रक्रियेतून. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घेणं बंधनकारक असतं. इंजिनीअरिंगच्या कॅपमध्येही पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप ‘फ्रीझ’ होतो. त्या घरांत ‘पहिला पर्याय जपून टाका’ हा धडा पक्का बसतो, आणि धाकट्या भावंडाच्या मेडिकलच्या वेळी मोठा दादा तोच धडा देतो. दादा खोटं बोलत नाही. तो दुसऱ्या खेळाचे नियम सांगतोय.

जपायचं कुठे, तर पुढच्या फेऱ्यांमध्ये. हातात एक जागा आहे आणि तुम्ही वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत थांबलात, आणि तो मिळाला, तर जुनी जागा आपोआप रद्द होते. म्हणून नियम सोपा ठेवा: हातातल्या जागेपेक्षा जे खरोखर जास्त हवंय तेवढंच पुढच्या फेरीच्या यादीत लिहा. ‘बघू तरी मिळतं का’ म्हणून लिहिलेलं कॉलेज मिळालं की परत फिरता येत नाही. मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर स्टेटच्या प्रक्रियेत ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म भरायचा असतो. तो भरला की तुम्ही पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. हा फॉर्म ‘सगळेच भरतायत’ म्हणून भरू नका आणि ‘नंतर बघू’ म्हणून सोडूही नका.

‘इतक्या मार्कांना कुठलं मिळेल?’: प्रश्नच चुकीचा आहे

ग्रुपवर दर दोन मिनिटांनी येणारा मेसेज: ‘५५५ मार्क, ओपन, मुलगी, सरकारी मिळेल का?’ उत्तर देणारा गेल्या वर्षीचा आकडा बघून ‘नाही’ म्हणून टाकतो, आणि एका घरात त्या रात्री कुणी जेवत नाही.

२०२४ आणि २०२५ ची तुलना केली की हे उत्तर किती फसवं आहे ते कळतं. २०२४ मध्ये गुणांचा फुगवटा इतका होता की ६५० गुणांना देशपातळीवर सुमारे ३० हजारांची रँक आली. २०२५ चा पेपर, त्यातही भौतिकशास्त्राचा, कठीण निघाला. त्या वर्षी देशात पहिला आलेल्या विद्यार्थ्याला ७२० पैकी ६८६ गुण होते. एनटीएच्या आकडेवारीनुसार ६५१ ते ६८६ या टप्प्यात अख्ख्या देशात ७३ विद्यार्थी, ६०१ ते ६५० मध्ये १,२५९ आणि ५५१ ते ६०० मध्ये १०,६५८. बेरीज करा: ११,९९०. म्हणजे २०२५ मध्ये ५५५ गुण मिळवणारी मुलगी देशात पहिल्या १२ हजारांत होती. २०२४ मध्ये त्याच गुणांना रँक लाखाच्या पलीकडे गेली असती.

म्हणून गुण विसरा, रँक धरा. आणि रँक म्हणतानाही कुठली ते नीट बघा. एक असते अखिल भारतीय रँक. दुसरी प्रवर्गातली रँक. तिसरा राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, जो सीईटी कक्ष अर्ज आल्यानंतर लावतो. गेल्या वर्षीची स्टेटची यादी वाचताना एकाने अखिल भारतीय रँक सांगितली आणि दुसऱ्याने ती राज्याचा क्रमांक समजून वाचली, तर हजारोंचा फरक पडतो.

आणखी एक. नीट ‘पास’ होणं आणि जागा मिळणं यांचा फार जवळचा संबंध नाही. २०२५ मध्ये २२ लाखांवर विद्यार्थी बसले आणि १२ लाख ३६ हजारांच्या आसपास पात्र ठरले. खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. ‘क्वालिफाय झालात, अभिनंदन, आता अ‍ॅडमिशन आमच्यावर सोडा’ असा फोन आला, तर पलीकडचा माणूस या दोन आकड्यांमधली दरी विकतोय हे ओळखा.

‘कॉलेज प्रेडिक्टर’ आत काय करतो

रँक टाकली की कॉलेजांची यादी हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दाखवणारी साइट किंवा अ‍ॅप तुम्ही पाहिलं असेल. काही फुकट, काही पैसे घेतात. आत फार जादू नसते. सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर निवड यादीची पीडीएफ लावतो. त्यात रँक, प्रवर्ग, कोटा, मिळालेलं कॉलेज असं सगळं असतं. कुणीतरी ती पीडीएफ तक्त्यात उतरवतो, प्रत्येक कॉलेजात प्रत्येक प्रवर्गात शेवटची रँक कुठली होती ते काढतो, आणि तुमची रँक त्याच्या शेजारी ठेवतो. वर असेल तर हिरवा, जवळ असेल तर पिवळा.

उपयोग आहे, पण मर्यादा कळायला हव्यात. पहिली, जागा बदलतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात १० नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली: अंबरनाथ, अमरावती, भंडारा, बुलढाणा, गडचिरोली, हिंगोली, जालना, मुंबई, नाशिक, वाशिम. एवढ्या जागा एकदम वाढल्या की आधीच्या वर्षाचे शेवटचे आकडे जुने होतात. दुसरी, आरक्षण बदलतं. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचा १० टक्क्यांचा प्रवर्ग आला, त्यामुळे कोण कुठल्या रांगेत उभं आहे हेच हललं. तिसरी, फेरी. पहिल्या फेरीची शेवटची रँक आणि शेवटच्या फेरीची शेवटची रँक यांत खूप अंतर असतं, आणि बरेच प्रेडिक्टर कुठल्या फेरीचा आकडा दाखवतायत ते ठळक सांगत नाहीत.

माझा सल्ला: प्रेडिक्टर वापरा, पण एकदा तरी मूळ पीडीएफ उघडा. सिंधुदुर्ग महाविद्यालयाचा कोड शोधा, आपल्या प्रवर्गातल्या शेवटच्या दोन-तीन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. एकदा ते केलं की ग्रुपवरच्या छातीठोक आकड्यांची धास्ती कमी होते.

एआय चॅटबॉटला विचारलं तरी हीच काळजी घ्या. तो उत्तर गोड मराठीत देतो, पण वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या राज्यांचे नियम एकाच परिच्छेदात मिसळू शकतो. त्याच्याकडून पीडीएफमधला इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला हरकत नाही. नियम काय आहे हे मात्र पीडीएफनेच सांगायचं.

कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे

कुठल्याही ग्रुपवर आवाज असतो तो ज्यांचं काम झालं त्यांचा. ‘मी हे केलं आणि मला मिळालं’ सांगायला माणूस परत येतो. ज्याला मिळालं नाही तो ग्रुप सोडून जातो. म्हणून ग्रुप वाचून प्रत्येक युक्ती यशस्वीच वाटते.

हीच गोष्ट धंद्यात वापरली जाते. युक्ती जुनी आहे: दहा पालकांकडून ‘काम झालं तरच ठेवीन’ म्हणून पैसे घ्यायचे. त्यातल्या दोघांच्या मुलांना स्वतःच्या रँकवर जागा मिळतेच. त्यांचे पैसे ठेवायचे, आठ जणांचे परत करायचे. ते आठ जण म्हणतात, माणूस प्रामाणिक आहे. ते दोघं म्हणतात, माणसाने काम केलं. प्रत्यक्षात त्याने काहीच केलेलं नसतं.

हे दूरचं नाही. नीटचे गुण वाढवून देतो म्हणून पालकांकडे लाखो रुपये मागितल्याच्या आरोपावरून सीबीआयने जून २०२५ मध्ये सोलापूर आणि नवी मुंबईतल्या दोघांना अटक केली. त्याआधी परीक्षेच्या तोंडावर एनटीएने संशयास्पद दाव्यांची तक्रार करायला स्वतंत्र सोय उघडली होती. त्यातून १०६ टेलिग्राम आणि १६ इन्स्टाग्राम चॅनेल खोटे दावे पसरवत असल्याचं एनटीएने जाहीर केलं. २०२४ मध्ये पेपरफुटी खरीच झाली होती, हजारीबाग आणि पाटण्यातले प्रकार सर्वोच्च न्यायालयासमोर आले. न्यायालयाने परीक्षा रद्द केली नाही, कारण गडबड देशभर पसरल्याचा पुरावा दिसला नाही. पण त्या एका खऱ्या घटनेवर पुढच्या वर्षी शेकडो खोटी दुकानं उभी राहिली. एकदा फुटला म्हणजे दरवर्षी फुटत असणार, असं लोकांना वाटतं. विकणाऱ्याला तेवढं पुरतं.

प्रवेशाच्या टप्प्यावरचा एजंट ओळखायला एक वाक्य लक्षात ठेवा: अभिमत विद्यापीठाची एमबीबीएसची जागा एमसीसीच्या पोर्टलशिवाय मिळत नाही. ‘डीम्डमध्ये डायरेक्ट सीट, ओळख आहे’ हे म्हणणं प्रक्रियेच्याच विरुद्ध आहे. आणि तिथे नुसती नोंदणी करतानाही अनामत २ लाख रुपये असते. अखिल भारतीय कोट्यासाठी ती खुल्या प्रवर्गाला १० हजार, आरक्षित प्रवर्गाला ५ हजार. दुसऱ्या फेरीपासून मिळालेली जागा घेतली नाही तर ही अनामत जप्त होते. ‘डीम्ड पण टाकून ठेवा, काय बिघडतं’ म्हणणाऱ्याला हे २ लाख कुणाचे ते विचारा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: लॉगिन आणि ओटीपी. फॉर्म ‘आम्ही भरून देतो’ म्हणणाऱ्याकडे पासवर्ड गेला, की पसंतीक्रम लॉक करायचा अधिकारही गेला. नोंदणीत मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या, दुकानाचा नको. गावात सायबरवर भरत असाल तरी लॉक करण्याआधी यादी मुलीने स्वतः मोठ्याने वाचायची. लॉक झाल्यावर प्रिंट घ्यायची.

जी चूक ग्रुप कधीच पकडत नाही: कागद

पसंतीक्रमाची चर्चा रंगतदार असते, कागदांची कंटाळवाणी. पण आमच्याकडे जागा जाते ती बहुतेकदा कागदावरून.

आरक्षित प्रवर्गातून स्टेटला अर्ज करायचा तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज अकरावी-बारावीतच टाकून ठेवायचा. निकालानंतर धावपळ केली तर पणजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच फेरी संपते. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. आणि एमसीसीसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के आरक्षण २०२१-२२ पासून आहे, पण ते केंद्राच्या यादीप्रमाणे. राज्यात तुमचा प्रवर्ग एक आणि दिल्लीत दुसरा असू शकतो.

सीमेवरच्या घरांना वेगळाच धोका. सावंतवाडी-दोडामार्गकडची काही मुलं जवळ पडतं म्हणून गोव्यात शिकतात. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी अधिवास दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सरकारी नोकरांच्या बदल्यांसारखे अपवाद आहेत, पण ‘घर महाराष्ट्रात आहे’ हा अपवाद नाही. म्हणजे हा निर्णय दहावीनंतर अकरावीला प्रवेश घेतानाच होऊन जातो, आणि तेव्हा घरात नीटचं नावही निघालेलं नसतं. उलट बाजूने, महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी स्वतंत्र कोटा आहे. डोंगरी भागासाठीही आहे. आपलं गाव त्यात बसतं का, आणि कुठल्या अटींवर, हे माहितीपुस्तिकेत आणि तहसील कार्यालयात विचारा, ग्रुपवर नको.

पैशाचंही तसंच. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला. अभिमत विद्यापीठाला नाही, व्यवस्थापन कोट्याला नाही. ‘मुलींना मेडिकल फुकट’ एवढाच अर्धा मेसेज वाचून कुणी डीम्डची जागा घेतली, तर उरलेला अर्धा मेसेज कर्जाच्या हप्त्यांत वाचायला मिळतो.

मग ग्रुप सोडायचा का?

नाही. ग्रुप काही गोष्टींत सरकारी संकेतस्थळापेक्षा सरस आहेत. तारीख बदलली हे तिथे आधी कळतं. २०२५ मध्ये एमसीसीच्या फेऱ्यांच्या तारखा पुढे गेल्या, तेव्हा पोर्टल रोज उघडणाऱ्यांनीच ग्रुपवर कळवलं. वसतिगृह कसं आहे, ओरोसला रुग्ण किती येतात, मेस कशी आहे, रॅगिंगचं काय, हे सीनियरशिवाय कोण सांगणार? अनुभवासाठी ग्रुप, नियमासाठी पीडीएफ, ही वाटणी पाळली तर दोन्हींचा उपयोग होतो.

सल्ला आला की चार प्रश्न विचारा:

१. हा नियम कुठल्या प्रक्रियेचा, एमसीसीचा की स्टेटचा?
२. कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या फेरीचा?
३. माहितीपुस्तिकेत किंवा सूचनेत कुठल्या पानावर आहे?
४. मी हा सल्ला मानला तर सांगणाऱ्याला काही मिळतं का?

खरा जाणकार तिसऱ्या प्रश्नाला रागावत नाही, पान पाठवतो. जो रागावतो त्याच्याकडे पान नसतं.

पण सगळी जबाबदारी अठरा वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या आईवडिलांवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. माहितीपुस्तिका इंग्रजीत, कायदेशीर भाषेत. निवड यादी पीडीएफमध्ये, शोधायला अवघड. हीच माहिती सीईटी कक्षाने तक्त्याच्या फाइलमध्ये दिली, तर प्रेडिक्टर विकणाऱ्यांचा निम्मा धंदा बसेल. महत्त्वाच्या पंधरा नियमांचं मराठी पत्रक काढलं, तर ‘पहिला पर्याय वाया जातो’सारखे मेसेज एका हंगामात मरतील. आणि प्रत्येक जिल्ह्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उभं राहत असेल, तर प्रवेशाच्या दोन महिन्यांत तिथे एक मदत टेबल लावायला कितीसा खर्च येतो? ओरोसला असं टेबल असेल तर खारेपाटणचा बाप सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी परत येईल, आणि विचारल्याचा दाखलाही हातात असेल.

तोवर काम आपल्यालाच करायचंय. घरात यंदा बारावी असेल तर आजच दोन गोष्टी करा: वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कुठवर आला ते बघा, आणि २०२५ ची माहितीपुस्तिका उतरवून कागदपत्रांचं पान छापून भिंतीला लावा. नियम पुढच्या वर्षी थोडे बदलतील. पण बदल कुठे झाला हे कळायला आधीचं पान माहीत असावं लागतं.